तीन आराखडे, चौदा एकर आणि उतार

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मुळशी तालुक्यात आमची १४ एकर वडिलोपार्जित जमीन डोंगरउतारावर आहे. सातबाऱ्यावर मी आणि माझे दोन भाऊ. खाली डांबरी रस्त्यालगत ५ एकर सौम्य उतार, मध्ये ५ एकर चढाचा पट्टा, वर ४ एकर माथा. एका बिल्डरने भागीदारीत घरे बांधायचा प्रस्ताव दिला असून तीन आराखडे दाखवले आहेत. पहिल्यात खालपासून मधल्या पट्ट्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी ५८ बंगल्यांचे प्लॉट. दुसऱ्यात रस्त्यालगत चार इमारती, ४८ सदनिका, वरचा डोंगर मोकळा. तिसऱ्यात ‘इको-व्हिलेज’: लाकूड-मातीची ३० कुटिरे, खांबांवर उभी, डोंगरभर विखुरलेली, एकही मोठे झाड न तोडता. आर्किटेक्ट म्हणतात, सरासरी उतार १:६ आहे, नियमात बसतो. थोरल्या भावाला बंगले हवेत, धाकट्याला काहीही चालेल. माझे मन तिसऱ्यावर आहे. त्या डोंगरापाशी इमारती मला बघवणार नाहीत. आई म्हणते, काहीच करू नका, खालच्या वाडीतली वीस घरे आपल्या झऱ्यावर पाणी भरतात. बिल्डरला दसऱ्याला सही हवी आहे. पर्यावरणाचा विचार केला तर कोणता आराखडा निवडावा?

ताई,

तुमच्या पत्रात झाडे आहेत, लाकूड आहे, माती आहे, खांब आहेत. रस्ता मात्र कुठेच नाही. त्या ३० कुटिरांपर्यंत गाडी कशी पोहोचते, पाण्याचा टँकर कुठून चढतो, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका कुठवर येते, हे आधी तिसऱ्या आराखड्यात शोधा. कुटीर खांबांवर उभे करता येते. रस्त्यासाठी डोंगर कापावाच लागतो. अशा विखुरलेल्या आराखड्यात डोंगराची सगळ्यात जास्त मोडतोड घरांनी नव्हे, रस्त्यांनी होते. रंगीत चित्रांत मात्र घरे पुढे असतात आणि रस्ता झाडांच्या मागून एखादी पायवाट असावी तसा डोकावतो.

हिशेब कागद-पेन्सिलीने करता येतो. गटारासकट सहा मीटर रुंदीचा रस्ता (हा अगदी काटकसरीचा झाला) उतारात पूर्ण कापून बसवायचा आणि मागची कापलेली बाजू ४५ अंशांत सोडायची, असे धरा. उतार १:५ असेल, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, तर मागचा काप दीड मीटर उंच होतो आणि दर १०० मीटर रस्त्यामागे ४५० घनमीटर, म्हणजे जवळपास १६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल निघतो. उतार १:३ झाला की काप ३ मीटरांचा आणि माल ९०० घनमीटर. १:२ वर काप ६ मीटर, माल १,८०० घनमीटर. रुंदीचे गणित तर याहून वाईट. सहाचा रस्ता नऊ मीटर केला की रुंदी दीडपट होते, माल सव्वादोनपट. अग्निशमनाची गाडी वळली पाहिजे म्हणून मंजुरीच्या वेळी कुणी रुंदी वाढवायला लावली, तर आज दाखवलेला आकडा त्याच दिवशी निकालात निघतो.

कंत्राटदार सांगेल, एवढे कापायची गरज नाही, निम्मा रस्ता कापात आणि निम्मा भरावात बसवू. खोदाई त्याने खरोखरच बरीच कमी होते. पण मग रस्त्याची दरीकडची निम्मी बाजू सैल मुरमावर उभी राहते. थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेला भराव वेगळा आणि डंपरने उतारावर ओतलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात एक-दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या बरोबर मधून लांबच लांब भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जाते, आणि पुढची दुरुस्ती म्हणजे फक्त डांबर ओतत राहणे.

आता तुमच्या डोंगराकडे येऊ. मधला पट्टा किती चढाचा आहे हे पत्रात नाही, पण ते आर्किटेक्टच्या आकड्यातूनच काढता येते. खालचे ५ एकर १:१० आणि वरचे ४ एकर १:२० धरले, तर सगळ्या जमिनीची सरासरी १:६ यायला मधले ५ एकर १:३ चेच असावे लागतात. म्हणजे ‘सरासरी १:६’ हे वाक्य खोटे नाही. त्यातून कळायला हवे ते तेवढे कळत नाही. १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम, खोदाई आणि भराव करायला राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) मनाई आहे. ही अट जागेवरच्या उताराची आहे, १४ एकरांच्या सरासरीची नाही. तेव्हा पहिल्या आराखड्यातले मधल्या पट्ट्यावरचे सगळे बंगले आणि तिसऱ्यातला त्याच पट्ट्यातून चढणारा रस्ता, दोन्ही बहुधा मुळातच नियमाबाहेर आहेत. तीनांतल्या दोन पर्यायांना अशी अडचण असेल, तर तुमच्यापुढे खरे पर्याय किती होते?

तरी तुलनेपुरते ते शक्य आहेत असे धरू. तिसऱ्या आराखड्यात मधल्या पट्ट्यातून ७०० मीटर रस्ता जातो असे माना. आराखड्यावर सुतळी ठेवून खरी लांबी मोजा. ६,३०० घनमीटर माल, म्हणजे सव्वादोन हजार ब्रास. कुटिरे ३०, तेव्हा दर कुटिरामागे सुमारे ७४ ब्रास, आणि यात तळाचा व माथ्याचा रस्ता धरलेला नाही. हेअरपिन वळणांवर रुंदी जास्त लागते, तीही नाही. रस्ता आणि त्याचा काप मिळून पाच एकरांतली दीड एकराहून जास्त जागा उघडी पडते. दुसऱ्या आराखड्यात १:१० उतारावर ३५० मीटर रस्ता आणि ३० मीटर बाय १५ मीटरच्या चार इमारतींचे ओटे कापायला सगळे मिळून २,२०० घनमीटर लागतात. घरे ४८; दर घरामागे १६ ब्रास. पहिल्या आराखड्यात मधल्या पट्ट्यावर एका बंगल्यासाठी १५ बाय १२ मीटरचा ओटा पूर्ण कापात काढायचा म्हटला, तर एकट्या बंगल्यामागे १९० ब्रास आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सहा मीटर उंच कापलेला डोंगर.

तुम्हाला नको असलेल्या इमारती डोंगराला सगळ्यात कमी ओरबाडतात, असे हे आकडे सांगतात. डोळ्यांना खुपणे आणि जमिनीचे नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर इमारतीची उंची, रंग, छपराचा उतार, पुढची झाडे असे बरेच उपाय आहेत. कापलेला उतार पुन्हा जोडता येत नाही.

निघालेला माल जातो कुठे, हा प्रश्न तिन्ही आराखड्यांना विचारा. जमिनीतला एक घनमीटर मुरूम खोदला की फुगून सव्वा घनमीटर होतो. तो वाहून नेणे महाग, म्हणून रात्रीतून जवळच्या घळीत ढकलला जातो. पहिल्या मोठ्या पावसात तो ओढ्यातून खाली येतो आणि वाडीच्या दारात थांबतो. गौण खनिजाची (माती, मुरूम, दगड काढण्याची) परवानगी नसेल तर दंडाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने येऊ शकते, म्हणजे तुमच्या.

झऱ्याबद्दल तुमच्या आई जे म्हणतात त्याला भूशास्त्राचा आधार आहे. सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टच्या जवळपास आडव्या थरांचा. काही थर घट्ट कातळाचे, काही भेगाळ आणि सच्छिद्र, आणि दोन थरांच्या मध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पट्टा. वरून मुरलेले पाणी भेगाळ थरातून उतरते, घट्ट थरावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर अडते, आडवे सरकते आणि उतारावर जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येते. तेव्हा झऱ्याचे रक्षण म्हणजे झऱ्याभोवती कठडा बांधणे नव्हे. त्याचे पाणी वरच्या माथ्यावर आणि मधल्या पट्ट्यात मुरते. रस्त्याचा तीन मीटरचा काप नेमका तो सांधा ओलांडून गेला, तर पाणी रस्त्याच्या गटारात फुटते आणि खाली झरा आटतो.

झऱ्याची वही आजपासून सुरू करा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर रविवारी तारखेसह लिहायचे, बस. ४० सेकंद लागले तर दिवसाला २१,६०० लिटर. मे महिन्यात दोन मिनिटे लागली, तर ७,२०० लिटर. वाडीतली वीस घरे म्हणजे शंभर माणसे. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या ५५ लिटरच्या निकषाने त्यांनाच ५,५०० लिटर हवेत. चार इमारतींत २४० माणसे राहिली, तर १३५ लिटर प्रमाणे रोज ३२,४०० लिटर. म्हणजे तुमचा झरा मे महिन्यात वाडीला पुरून जेमतेम १,७०० लिटर उरतील, प्रकल्पाला ते कुठेच पुरणार नाहीत. ‘जागेवर नैसर्गिक झरा उपलब्ध’ हे वाक्य माहितीपत्रकात दिसले तर ते काढायला लावा. बोअर मारणार असतील, तर एप्रिल-मे महिन्यांत बोअरवर सलग काही दिवस पंप चालवून त्याच दिवसांत झऱ्याची बादली मोजायची. झरा मंदावला, तर दोघांचे पाणी एकच आहे. हा प्रयोग करारापूर्वी व्हायला हवा. घरे विकून झाल्यावर पंप बंद करायला कुणी धजत नाही.

सांडपाण्यावर तिसरा आराखडा पुन्हा कमी पडतो. विखुरलेल्या ३० कुटिरांना ३० सेप्टिक टँक आणि ३० शोषखड्डे लागतील. मातीचा थर हातभर, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळ कातळ, अशा जमिनीत शोषखड्ड्यातले पाणी गाळून निघत नाही. भेगांतून सरळ खाली उतरते आणि वाडीच्या हंड्यात पोहोचते. एका जागी गोळा झालेल्या घरांना एकच शुद्धीकरण केंद्र पुरते, ते झऱ्यापासून दूर आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवता येते. तिथेही एक प्रश्न आर्किटेक्टला लेखी विचारा: शुद्ध केलेले पाणी बागेला देणार म्हणता, तर पावसाळ्याचे चार महिने ते कुठे सोडणार? बहुतेक आराखड्यांत याचे उत्तर नसते.

आता एक चकवा. उतारावर ‘पर्जन्यजल पुनर्भरणाचे खड्डे’ हिरव्या ठिपक्यांनी दाखवले असतील. सपाट जमिनीवर ही उत्तम गोष्ट. चढाच्या पट्ट्यात, घरांच्या किंवा कापाच्या वरच्या अंगाला, जाड मुरमाच्या थरात पाणी मुद्दाम मुरवणे धोक्याचे. मातीचा थर पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि खालच्या कातळावरून तो सरकतो. मुरवायचे ते माथ्यावरच्या सपाटीत किंवा तळाच्या शेतात. मधल्या पट्ट्यातून पाणी वेळच्या वेळी, माती न नेता, खाली उतरवायचे. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, जमीन भिजून गच्च झाल्यावर आलेल्या मुसळधार पावसाच्या. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून उतार सुरक्षित, असे कुणी सांगितले तर मान हलवू नका.

म्हणून पहिले काम उताराच्या नकाशाचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात; दोन रेषांमध्ये कागदावर २ मिलिमीटरपेक्षा कमी जागा दिसली, की तो उतार १:५ हून तीव्र. एवढ्याने अंदाज येतो, निर्णय नाही. निर्णयासाठी टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करून एक मीटर अंतराच्या रेषांचा नकाशा करून घ्या. त्यावर जिथे दोन रेषा पाच मीटरपेक्षा जवळ, तो भाग लाल रंगवा. ड्रोनची मोजणी स्वस्त पडते, पण ड्रोनला जमीन दिसत नाही, करवंदीच्या जाळ्यांचे आणि कारवीचे शेंडे दिसतात. गवत वाळून बसल्यावर, फेब्रुवारीनंतर केली तर तिच्यात कमी चूक येते. त्याच नकाशावर निळ्याने झरा, घळी, ओढा आणि पावसाळ्यात जिथे जिथे पाणी फुटते त्या जागा भरा. या खुणा जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवर फिरून, वाडीतल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन करायच्या. ऑक्टोबरात तिन्ही पट्ट्यांत जेसीबीने तीन-तीन मीटर खोल चाचणी खड्डे घ्या: माती किती, मुरूम किती, कातळ कुठे, पाणी कितीवर पाझरते. मातीत मोठमोठे धोंडे मिसळलेले सापडले, तर ती जुनी घसरण असू शकते. तिथे घर नकोच.

लाल आणि निळे वगळून जे पांढरे उरेल, ती तुमची बांधता येण्याजोगी जमीन. घरे किती, हा आकडा तिच्यावरून निघायला हवा. बिल्डरने आधी घरांचा आकडा ठरवला आणि मग डोंगरावर त्यांच्यासाठी जागा शोधली, म्हणून तिन्ही आराखड्यांत काही ना काही बिनसले आहे.

या सगळ्याला पावसाळा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी लागतात. तेव्हा सही दसऱ्याला नको, गुढीपाडव्याला; बोअर मारणार असतील तर एप्रिल-मेमधल्या त्या प्रयोगानंतर. खरोखर बांधणारा बिल्डर सहा-आठ महिने थांबतो. ज्याला तुमच्या कुलमुखत्यारपत्रावर पुढे कुणाकडून पैसे उचलायचे असतात, त्याला थांबणे परवडत नाही. म्हणजे ही मुदत मागणे हीच त्याची एक परीक्षा झाली.

‘पर्यावरण मंजुरीत सगळे तपासले जाईल’ या आश्वासनावर मात्र विसंबू नका. २००६ च्या अधिसूचनेनुसार इमारत प्रकल्पाला ही मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून लागते. ५८ बंगले दोनशे चौरस मीटरचे धरले तरी बेरीज ११,६०० होते. बाकीचे दोन आराखडे त्याहून लहान. तुमच्या कुठल्याच पर्यायाला ही मंजुरी लागणार नाही, आणि लागली असती तरी इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. पर्यायांची तुलना करायला कायद्याने कुणीही बांधील नाही. ती तुम्ही केली तरच होईल. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात मुळशीतली बरीच गावे आहेत; तुमचे आहे का, ते पाहून ठेवा. गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर तिथून, नसेल तर नगररचना कार्यालयातून गटनिहाय झोन दाखला घ्या. वनीकरण किंवा डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग निघाला, तर अर्धी चर्चा तिथेच संपते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात खासगी वनाची किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) ची नोंद आहे का, तेही बघा. जुने फेरफार काढल्याशिवाय ही नोंद कधी कधी दिसत नाही.

आईंच्या ‘काहीच करू नका’ला मी तुमच्या पत्रात मिळाली त्यापेक्षा जास्त जागा देईन. तोही आराखडाच आहे, आणि त्यालाही खर्च व धोके आहेत. गवताचा डोंगर मोकळा सोडला की उन्हाळ्यात वणवा लागतो, रोपे जळतात, पहिल्या पावसात उघडी माती वाहते. गवत वाळायला लागताच दरवर्षी भोवती जाळरेषा (वणवा अडवणारा, गवत काढलेला पट्टा) काढावी लागेल. मुरूमचोरीवर लक्ष ठेवावे लागेल. उत्पन्न गवताचे, हिरड्याचे, थोडेफार आंब्याचे. ते तिघांच्या वाटणीला पुरेल असे नाही. हे सगळे आकडे मांडून तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर तो पक्का निर्णय. नुसते मन होईना म्हणून थांबलात, तर पाच वर्षांनी दुसरा बिल्डर येईल आणि तेव्हा भावांचा धीर सुटलेला असेल. मला तो शेवट जास्त वेळा होताना दिसतो.

सगळे धरून माझा कौल चौथ्या आराखड्याला: दुसराच, पण लहान केलेला आणि सुधारलेला. खालच्या ५ एकरांतही सगळीकडे बांधता येणार नाही. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली, धोंडेमिश्रित जागा सोडा. वरून काही सुटले तर ते तिथेच येणार. चढ सुरू होतो त्या रेषेपासूनही अंतर सोडा. किती, याचे नियम वेळोवेळी निघाले आहेत. तुमच्या गटाला कोणता लागू, ते लेखी घ्या आणि त्याला किमान समजा. उरलेल्या तीनेक एकरांत तळमजला अधिक दोन मजले, ३० ते ३६ घरे, लांब बाजू समोच्च रेषेला समांतर. तुम्हाला आवडलेली खांबांची कल्पना इथे वापरा: पुढची बाजू खांबांवर, त्याखाली गाड्या, मागे कमीत कमी काप. मधला पट्टा चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून ठेवा. माथ्यावर पायवाट, गाडीरस्ता नाही. ‘पाच हजार झाडे लावू’ असे कुणी म्हणाले तर कोणती, ते विचारा. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून झाले आहे, ते पाहून या. तुमच्या मधल्या पट्ट्यात कारवी, धायटी, करवंद आधीच माती धरून उभी आहेत. तिथे लावण्यापेक्षा राखणे जास्त उपयोगी.

इमारतींच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे पक्के गटार हवे. वरच्या ९ एकरांवर ताशी ८० मिलिमीटर पाऊस पडला, तर सेकंदाला सुमारे ८०० लिटर पाणी उतरते. थोडे मुरले तरी गच्च भिजलेल्या जमिनीवरून निम्म्याहून जास्त खाली येईल. दोन फूट रुंद, दोन फूट खोल गटार त्याला जेमतेम पुरते. नऊ इंची अर्धगोल पाइप दाखवला असेल, तर त्यावर काट मारा. गटार कच्चे ठेवले तर तेच उतारात पाणी मुरवते. कापाला धरणाऱ्या भिंतीत पाणी सुटायला भोके हवीत, साधारण दीड मीटरवर एक, आणि भिंतीमागे खडी व जिओटेक्स्टाइलचा (पाणी सोडून माती अडवणाऱ्या कापडाचा) गाळणथर. तो नसला तर भोके मातीने बुजतात, भिंतीमागे पाणी साठते, आणि भिंत मातीने नव्हे, त्या पाण्याच्या दाबाने पडते. भूतांत्रिक सल्लागाराकडून उताराचा सुरक्षा गुणांक (उतार घसरण्यापासून किती सुरक्षित आहे तो आकडा) घ्याल तेव्हा जमीन पूर्ण भिजलेली धरून काढलेला घ्या. कोरड्या जमिनीचा आकडा नेहमीच छान येतो.

बिल्डर म्हणेल, ३६ घरांत परवडत नाही. म्हणू द्या, आणि चारही आराखड्यांचा ताळेबंद मागा: खोदाई, माल हलवणे, भिंती, रस्ते, गटारे, शुद्धीकरण केंद्र, टँकर, हे खर्च स्वतंत्र ओळींत. एकूण नफा लहान आराखड्यात कमी असेल. पण कापाचा आणि भिंतींचा खर्च उतरल्यावर दर घरामागचा नफा तितका कमी दिसत नाही, आणि थोरल्या भावाचे मत तिथे बदलू शकते. त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट पुढे ठेवा. भागीदारीत घरांचा किंवा विक्रीचा हिस्सा घेणारा जमीनमालक रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) दृष्टीने सहप्रवर्तक, म्हणजे बिल्डरच्या बरोबरीने जबाबदार, ठरतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांतल्या बांधकामातल्या दोषांचे दावे बिल्डरबरोबर तुम्हा तिघांवरही येऊ शकतात. सहा मीटरच्या कापाखाली बंगला विकायचा का, हा प्रश्न मग त्यांचाही होतो.

करार वकिलाकडून तपासून घ्यालच. त्यात एवढे हवेच: कुलमुखत्यारपत्र मर्यादित, फक्त पांढऱ्या जमिनीपुरते. मधला पट्टा व माथा बांधकामातून कायम वगळल्याची अट नोंदणीकृत दस्तात, नकाशा जोडून; तोंडी किंवा माहितीपत्रकातली नको. अंतिम मंजुरीआधी पोकलेन जमिनीवर येणार नाही. खोदाई नोव्हेंबर ते एप्रिल एवढीच, आणि मेच्या मध्यापर्यंत गटारे व भिंती पुऱ्या. उघडा काप घेऊन पावसाळ्यात शिरायचे नाही. माल टाकायची जागा नकाशावर. झरा आटला किंवा गढूळ झाला तर वाडीला पाणी कोण आणि किती दिवसांत देणार, त्यासाठी बँक हमी. आणि सोसायटी झाल्यावर वरचे गटार दर मे महिन्यात साफ करायचा खर्च कुणाचा. ते गटार तुमच्या जमिनीत आणि त्याची गरज सोसायटीला, म्हणून ते कुणाचेच नसल्यासारखे गाळाने भरते.

मोजणीचा आणि खड्ड्यांचा खर्च तिघांनी सारखा वाटून घ्या. बिल्डरने तो उचलायची तयारी दाखवली तरी सर्वेक्षक तुम्ही नेमलेला असू द्या, आणि नकाशाची मूळ फाइल, नुसती पीडीएफ नव्हे, तुमच्याकडे ठेवा.